‘हाव’ला घाबरणारा माणूस

बिराजदार अप्पांना ‘हाव’ हा शब्द ऐकला की घाम फुटायचा. आता मराठवाड्यात राहायचं आणि ‘हाव’ला घाबरायचं, म्हणजे हलवायानं साखरेला घाबरण्यातला प्रकार. आमच्याकडे ‘हो’ला हाव म्हणतात, आणि माणूस सकाळी उठल्यापासून हाव म्हणतो. चहा घेणार का, हाव. पटलं का, हाव. पटलेलं नसलं तर जरा जोरात, मान डोलवून, हाव. दारात आलेल्या माणसाला तोंडावर ‘न्हाई’ म्हणणं आमच्या जिवावर येतं. बिचारा उन्हातान्हात आला, त्याचं मन कशाला मोडा! पुढं त्याप्रमाणे वागायचं की नाही हा प्रश्न वेगळा, आणि तो पाहुण्याची पाठ वळल्यावरचा.

आणि अप्पांचा धंदा काय, तर लोकांच्या दारात जाऊन तुम्हाला काय पाहिजे ते विचारायचं आणि त्याबरहुकूम सॉफ्टवेअर करून द्यायचं.

मी नांदेडहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन लातूरला त्यांच्याकडे मुलाखतीला गेले, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. औसा रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. खाली मशीन चालू झालं की वर टेबल थरथरायचं. समोर बसलेला माणूस पस्तिशीचा, पण कानशिलं पांढरी झालेली, शर्टाच्या बाह्यांची बटणं कायम उघडी. त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, “येताना एसटीत कोणाशी भांडलात?”

“मी भांडत नाही,” मी म्हटलं. चांगल्या घरच्या मुलीनं मुलाखतीत दुसरं काय सांगायचं?

“अरेरे,” ते म्हणाले. “मग अवघड हाय.”

मला राग आला. मी म्हटलं, भांडत नाही याचा अर्थ कारण नव्हतं असा नाही. अहमदपूरला एका बाईनं माझ्या पायावर ज्वारीचं पोतं ठेवलं, वर मलाच म्हणाली जरा सरकून बसा, कंडक्टरला सांगितलं तर तो तिचाच भाचा निघाला, आणि लातूर येईपर्यंत माझा पाय बधिर. सांगता सांगता माझा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला असावा. अप्पा खुशीत ऐकत होते.

“आता बगा,” ते म्हणाले. “प्रवास कसा झाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणल्या असत्या, चांगला झाला. सोमवारपासून या.”

पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘नांदेड’ म्हणायला सुरुवात केली. गिऱ्हाइकासमोर तेवढं ‘मॅडम’.

त्यांच्यासोबत गिऱ्हाइकाकडे जाताना मला आधी शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. मी कॉलेजात शिकले होते की, आधी सगळ्या संबंधितांची नावं काढावीत, प्रत्येकाची रीतसर मुलाखत घ्यावी, रिक्वायरमेंट लिहून काढाव्यात, त्यावर सही घ्यावी. अप्पा गिऱ्हाइकाकडे जायचे आणि आधी खायला मागायचे. “सुशीला हाय का हो? सकाळपासून पोटात काही न्हाई.” सुशीला म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे ओले मुरमुरे. त्याची ताटली आली की त्या घरातला किंवा ऑफिसातला माणूस सैल व्हायचा, हे खरं. मग अप्पा मालकाला त्याच्या गादीवरून उठवून गिऱ्हाइकाच्या बाकावर बसवायचे, स्वतः त्याच्या शेजारी बसायचे आणि विचारायचे, “काल कशानं बेजार झालात?”

“छे छे, बेजार कशाला?”

“जाऊ द्या. नका सांगू.”

हे ‘नका सांगू’ फार जालीम होतं. माणूस क्षणभर ताटलीकडे बघायचा आणि मग धरण फुटायचं. अप्पा म्हणायचे, “गरज विचारली की माणूस लाजतो, तकरार विचारली की बोलतो.” माझ्या ‘स्टेकहोल्डर’ या शब्दाची त्यांनी लगेच वासलात लावली. “म्हणजे ज्याला झळ लागते तो. असं म्हणा की.” आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम असा होता, की झळ लागणाऱ्या दोघांना कधी वेगवेगळं विचारायचं नाही. समोरासमोर बसवायचं. “दोघं एका दमात हाव म्हणले, तर समजा एकजण झोपलाय आणि दुसरा खोटं बोलून राहिलाय.”

हे शहाणपण त्यांना धर्माबादेत आलं होतं. तो किस्सा ते स्वतःच सांगायचे, आणि प्रत्येक वेळी नव्यानं दुःखी होऊन सांगायचे. मी यायच्या आधीची गोष्ट. तिथल्या एका मिरचीच्या अडत्यानं त्यांना पहिलं मोठं काम दिलं. माणूस निम्मं मराठी, निम्मं तेलुगू बोलणारा. अप्पा एकेक गोष्ट विचारायचे, तो म्हणायचा, “सरे, सरे.” तिकडं ‘हाव’ला ‘सरे’ म्हणतात. अप्पांनी विचारलं, सौदा ठरला की भाव मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवू का? सरे. पडदा दुकानाच्या तोंडाशी ठेवू का, सगळ्यांना दिसेल? सरे. नारळ फुटला, पेढे वाटले, पहिला सौदा झाला. आता त्या अडत्याची जुनी रीत अशी की, पंच्याच्या आड बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे एकाचा भाव दुसऱ्याला कळत नाही. इकडे बोटं सुटली आणि तिकडे पडद्यावर हातभर आकडा झळकला. अख्ख्या बाजारानं तो वाचला. मागं उभ्या असलेल्या प्रत्येकाला आता तोच भाव पाहिजे होता.

गर्दी पांगल्यावर अडत्यानं अप्पांना हात जोडले. “यंत्र लई छान हाय. फक्त त्याचं तोंड भिंतीकडं फिरवा.”

“अहो, मग आधी का न्हाई बोललात?”

“तुमी एवढ्या लांबून आल्ते. नको कसं म्हणायचं?”

ते यंत्र नंतर कित्येक दसऱ्यांना भिंतीकडं तोंड करून हळदीकुंकू घेत राहिलं. अप्पांनी मात्र तिथून परत येताना एसटीत एक युक्ती शोधून काढली, तिला आम्ही ऑफिसात ‘म्हैस’ म्हणायचो. गिऱ्हाइकाला सगळा आराखडा वाचून दाखवताना मध्येच, आवाज न बदलता, एक बिनडोक मुद्दा घुसवायचा. गिऱ्हाईक दचकलं तर ऐकतंय. नाही दचकलं तर फाईल बंद, उद्या पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. पण अप्पांचं ‘हाव’चं भय धर्माबादेहून जुनं होतं, हे मला त्यांच्या गावी गेल्यावर कळलं.

निलंग्याकडे त्यांचं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ते लातुरात खोली करून राहत होते, म्हणून वाचले. वडील गेले, त्याच भिंतीखाली चुलते गेले. माय, म्हणजे काशीबाई, आणि चुलती गंगाबाई, दोघी जावा पहाटेच शेताकडं निघाल्या होत्या म्हणून राहिल्या. अप्पांचा तेव्हा नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. पुनर्वसनाच्या कामात गावोगाव फिरून लोकांना कसं घर पाहिजे ते विचारायला जी पोरं नेमली, त्यांत ते होते. न्हाणी इथं चालेल? हाव. खिडकी तिकडं? हाव. आख्ख्या गावांनी हाव म्हटलं. ज्यांचं सगळं गेलं होतं, ते दारात आलेल्या साहेबाला आणखी काय म्हणणार? त्यात अप्पांची मायही होती. तिलाही त्यांनीच विचारलं, कागद हातात घेऊन, आणि तिनंही प्रत्येक प्रश्नाला लेकाकडं बघून हाव म्हटलं.

नवं गाव उभं राहिलं. सरळ रस्ते, एकामागं एक रांगा, सगळी घरं एका मापाची. काशीबाईंना स्लॅबचं घर मिळालं. त्यांनी त्यात कडबा भरला आणि स्वतः गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्या.

लोक म्हणायचे, स्लॅबची भीती बसली. तशी पुष्कळांना बसली होती. अप्पांनी इंजिनियर आणून भिंती दाखवल्या, छत दाखवलं, काही होणार नाही म्हणून समजावलं. माय ऐकून घ्यायची. “हाव. मजबूत हाय की.” आणि पुन्हा पत्र्याखाली. आमच्याकडचा उन्हाळा, त्यात पत्रा. मी गेले त्याच्या आधीच्या वैशाखात काशीबाई शेडमध्ये बेशुद्ध सापडल्या होत्या. डॉक्टरांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की, असा आणखी एक उन्हाळा म्हातारी काढायची नाही. तेव्हापासून अप्पांच्या डोक्यात ही एकच गोष्ट होती. पुढचा उन्हाळा लागायच्या आत मायला घरात न्यायचं. त्यासाठी तिला नेमकं काय नको आहे ते तिनं बोलायला पाहिजे होतं, आणि तीच एक बाई या माणसाला दाद देत नव्हती.

मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते तेव्हा त्यांनी मायवर म्हशीचाही प्रयोग करून पाहिला. “माय, घराला आता रंग लावू, नवी खिडकी पाडू, आन छतावर म्हैस बांधू. चालंल का?”

काशीबाईंनी मला भाकरीवर आणखी लोणी वाढलं. “बांध की, लेकरा. तुझी मर्जी.”

परत येताना अप्पा एसटीत तिकिटाच्या घड्या घालत होते. जगाच्या पोटातलं काढणारा माणूस, आणि घरी असा हात टेकून बसलेला. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम.

त्याच सुमाराला आमच्याकडे साबणे सरांचं काम आलं. लातुरात तेव्हा कोचिंगचं पेव फुटलं होतं. गल्लीत कुठंही दगड मारला तर तो क्लासच्या बोर्डाला लागावा, आणि तिथून उडून मेसच्या बोर्डाला. लोक घरातल्या खोल्या रिकाम्या करून विद्यार्थी ठेवत होते, देवघरात मेडिकलची पोरं झोपत होती. साबणे सर रसायनशास्त्र शिकवायचे, आणि त्यांचा स्वतःचा एक पॅटर्न होता. रविवारी परीक्षा घ्यायची, सोमवारी मार्कांप्रमाणे तुकड्या पुन्हा पाडायच्या. वरच्यांना सकाळची वेळ, खालच्यांना संध्याकाळची. “जो घसरला तो घसरला. वशिला न्हाई, दया न्हाई. म्हणून माझा निकाल लागतो.” तुकड्या पाडायचं हेच काम त्यांना कॉम्प्युटरकडून करून पाहिजे होतं, आणि दिवाळीनंतरच्या सत्राआधी.

“आणखी काय पाहिजे, सर?” मी विचारलं.

“सगळं टाका.”

अप्पांनी कान खाजवला. “सगळं पाहिजे म्हणणाऱ्याला काहीच नको असतं,” असं ते मला खाली उतरल्यावर म्हणाले.

पहिल्यांदा आराखडा वाचून दाखवला तेव्हा साबणे सर डोळे मिटून, बोटांनी टेबलावर ताल धरत ऐकत होते. अप्पा वाचत होते. विद्यार्थ्याचं नाव, गाव, दहावीचे मार्क. पालकांचा फोन. विद्यार्थ्याच्या घरी म्हैस असल्यास तिचा रंग व शिंगांचा आकार.

“टाका, टाका,” सर म्हणाले. “राहिलं कशाला.”

अप्पांनी फाईल मिटली.

मग आम्ही क्लासच्या ऑफिसात नुसते जाऊन बसू लागलो. तिथला कारभार साबणे मॅडम पाहायच्या. बाई हसऱ्या, पण सोमवार आला की त्यांचं तोंड उतरायचं. अप्पांनी सुशीला मागितली, ताटली निम्मी केली आणि विचारलं, “काल कशानं बेजार झालात, मॅडम?”

“काही न्हाई हो.”

“जाऊ द्या. नका सांगू.”

मॅडमनी दाराकडं पाहिलं. “ह्यांची यादी लागते ना सोमवारी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तिथून माझं काम सुरू होतं. संध्याकाळच्या तुकडीत शिरूर अनंतपाळची पोरं पडतात. क्लास सुटेपर्यंत त्यांची शेवटची एसटी गेलेली असते. मग मी त्यांना सकाळी घालते, आणि इथंच राहणारी लातूरची पोरं संध्याकाळी. रेणापूरची पोरं एकाच गाडीनं येतात, एकाच डब्यात जेवतात. त्यांची ताटातूट झाली की निम्मी उपाशी. मग तीबी एका जागी करते. ह्यांना आकडे दिसतात, तोंडं दिसत न्हाईत. ह्यांना सांगू नका बरं!”

“मी कशाला सांगू?” अप्पा म्हणाले. “तुम्हीच सांगाल की.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर आणि मॅडम यांना टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवलं. मी मध्ये, वही घेऊन, पळायची वाट कुठून आहे ते बघत. अप्पांनी शांतपणे वाचलं, “सोमवारची यादी कॉम्प्युटर मार्कांप्रमाणे लावील. एकदा लागली की त्यात कोणालाच बदल करता येणार न्हाई. बरोबर?”

“हाव,” सर म्हणाले.

“हाव,” मॅडम म्हणाल्या, जरा जोरात.

अप्पांनी रुमाल काढून मान पुसली. “बरं. मग आता शिरूर अनंतपाळची पोरं काय करतील, मॅडम?”

“कोणती पोरं?” सरांनी विचारलं.

पुढचं भांडण मी जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण अप्पांची तशी सक्त ताकीद होती. “माझ्या पाठीमागं? माझ्या यादीत?” असं सरांनी सुरू केलं. मॅडम म्हणाल्या, “मग पोरं कुठं झोपणार होती, तुमच्या पिरिऑडिक टेबलावर?” सर म्हणाले, “अगं, पण मग माझा पॅटर्न?” मॅडम उभ्या राहिल्या. “तुमचा कसला पॅटर्न! एसटीचा पॅटर्न हाय तो. ज्यांना गाडी मिळते, डबा मिळतो, ती पास होतात.” शेजारच्या वर्गात सेंद्रिय रसायन चालू होतं, ते थांबलं. अप्पा दोघांच्या मध्ये सुखानं सुशीला खात होते. कोणी त्यांच्याकडे न्याय मागायला वळलं की ते ताटलीत बघायचे.

भांडण संपलं तेव्हा आमच्याकडे सगळं होतं. आधी गाडी, मग डबा, मग मार्क, या क्रमानं तुकड्या पाडणारा प्रोग्राम मी लिहिला आणि तो दिवाळीनंतर पहिल्या दिवसापासून चालला. साबणे सर काही दिवस बायकोशी बोलले नाहीत. मग पालकसभेत आम्ही त्यांना सांगताना ऐकलं, “आमच्या पॅटर्नमध्ये विद्यार्थ्याच्या प्रवासाचाही शास्त्रीय विचार केलेला आहे.” मॅडम मागच्या रांगेत बसून पदरानं हसू दाबत होत्या.

त्या हिवाळ्यात अप्पांनी आम्हा सगळ्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं. ऑफिसातली आम्ही मंडळी होतो, साबणे सर आणि मॅडमही होत्या. आगटी पेटली होती, काशीबाई स्वतः कणसं भाजत होत्या, दाणे मळून प्रत्येकाच्या हातात देत होत्या. साबणे सर त्यांना विचारत होते, आजी, पत्र्यात ऊन लागत न्हाई का. “लागतं की,” काशीबाई म्हणाल्या. आजी, मग घर चांगलं न्हाई का. “लई चांगलं हाय. लेकानं केलंय.” अप्पा चटणीच्या वाटीकडे बघत राहिले. उन्हाळा आता लांब नव्हता.

गंगाबाईंना बोलावणं नव्हतं. या दोन जावांचं लग्न होऊन आल्यापासून हाडवैर आहे हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं, आणि अप्पा दोघींना कधी एका सावलीत येऊ देत नसत. एकीला सणाला, तर दुसरीला सणाच्या दुसऱ्या दिवशी. पण साबणे मॅडमना हे कोण सांगणार? गावातून येताना त्यांना एक म्हातारी पायरीवर एकटीच बसलेली दिसली, आणि त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे म्हटलं, “काकू, हुरडा खायला या की.” काकू आल्या. काठी टेकत थेट आगटीपाशी आल्या आणि अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

गंगाबाईंनी एक कणीस उचललं, नाकाशी नेलं. “करपलं.”

“काकू, तुम्ही इकडं बसा,” अप्पा घाईनं म्हणाले.

“करपलंच हाय. हिच्या हाताला चवच न्हाई, लगीन झाल्यापास्न बघून राहिले.”

काशीबाईंनी हातातली कणसं खाली ठेवली. ज्या बाईच्या तोंडून मी कधी हाव आणि जेव याशिवाय शब्द ऐकला नव्हता, तिचा आवाज शेताच्या बांधापर्यंत गेला. “तू बघून राहिलीस? तू काय बघतीस? तू तर माझ्याकडं पाठ करून बसलीस इतकी वर्सं!”

“म्या पाठ केली? तुझ्या पोरानं केली माझी पाठ! कागद घेऊन आला, म्हनला, काकू, तुमचं दार मायच्या म्होरं नको, तुमचं तोंड पलीकडल्या रांगेला करून देतो, म्हंजी रोजची तकरार मिटंल. म्या काय म्हनू? म्हनलं, हाव.”

“मलाबी त्यानंच इचारलं. म्याबी म्हनलं, हाव.”

दोघींनी एकदमच अप्पांकडं पाहिलं. आगटीत एक दाणा तडतडला. अप्पांचा चेहरा पाहवत नव्हता. जुन्या गावात या दोघींची दारं समोरासमोर होती, मध्ये एक अंगण, आणि त्या अंगणात जन्मभर भांडण. भूकंपानंतर निदान एवढं तरी सुख मायला द्यावं म्हणून अप्पांनी खटपट करून, ओळखी लावून, जागांची अदलाबदल करून घेतली होती. काशीबाईंच्या दारासमोर गंगाबाईंच्या घराची मागची भिंत आली होती. कोरी, बिनखिडकीची.

अप्पा मायच्या पुढ्यात उकिडवे बसले. “माय, तुला घर पसंत न्हाई का?”

“न्हाई,” काशीबाई म्हणाल्या.

मी हा शब्द हजारदा ऐकला असेल, पण तो ऐकून मोठ्या माणसानं अशी मातीत बसकण मारलेली पाहिली नव्हती.

“दार उघडलं की भिंत,” काशीबाई सांगू लागल्या. त्या अप्पांकडं बघत नव्हत्या, जावेकडं बघत होत्या. “मानूस न्हाई दिसत. पत्र्यात बसलं की निदान हिच्या दाराचा कोपरा दिसतो. कवा उठली, कवा चूल पेटिवली, समजतं. आत बसून मला काय कळावं, ही जिती हाय का मेली?”

गंगाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. “मरतीया कशी. तुझ्या आदी न्हाई मरत.”

“मग माय, एवढी वर्षं बोलली का न्हाईस?”

“लेकरानं हौसेनं बांधून दिलेल्या घराला नावं ठिवू का म्या?”

साबणे सर चष्मा पुसत होते, आणि मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. या दोघींचे नवरे एकाच पहाटे गेले. एकीला नवरी म्हणून पाहिलेलं माणूस म्हणजे आता दुसरीच तेवढी उरली होती. तिच्याशी भांडायचं नाही तर कोणाशी भांडायचं? आणि ज्या माणसानं आख्ख्या लातुरातल्या माणसांना समोरासमोर बसवून बोलतं केलं, त्यानं घरच्या या दोघींना मात्र कायम वेगवेगळंच विचारलं होतं.

अप्पांनी अर्धवट भाजलेलं कणीस उचलून पुन्हा आगटीत सारलं.

होळीच्या सुमाराला मला नांदेडला कॉलेजात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी अप्पा म्हणाले, “गावाकडं चला, नांदेड. एक गोष्ट दाखवायची हाय.” गेलो. ऊन तापायला लागलं होतं. शेड रिकामं होतं, काशीबाई घरात आल्या होत्या. गंगाबाईंच्या मागच्या भिंतीत अप्पांनी नवं दार पाडलं होतं. स्वतः उभं राहून, वर लिंटेलची आडवी तुळई टाकून, दोन्ही बाजूंना लोखंड घालून. भिंत भूकंपाला टिकेल अशी बांधलेली होती, तिला नुसतं भोक पाडून चालणार नव्हतं. दाराला ताजा निळा रंग दिलेला होता. एका उंबऱ्यावर गंगाबाई, समोरच्या पायरीवर काशीबाई, मध्ये गल्ली.

“निळा काहून लावलास?” काशीबाई लेकाला म्हणाल्या. “मला न्हाई आवडला. हिरवा पायजे.”

“दार माझं हाय,” गंगाबाई म्हणाल्या. “मला निळाच पायजे.”

“तू आत बसून राहतीस. सकाळ-संध्याकाळ बघायचं मला हाय!”

“मग डोळे मिटून बस!”

माझ्या डोक्यातली कॉलेजची विद्या एकदम जागी झाली. मी अप्पांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “अप्पा, सोपं आहे की. बाहेरून हिरवा लावा, आतून निळा. मिटलं.”

अप्पांनी माझा हात घट्ट धरला. ते त्या दोघींकडे बघत होते. डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं.

“मिटवू नका, नांदेड,” ते हळूच म्हणाले. “एकदा मिटवून बसलो होतो.”